कुपत खोलीमचे सभासद : आपले हक्क आणि आपली कामे



आपल्यातले जे लोक १९५० आणि १९६० च्या दशकांत मुंबईहून, कोकणातून इस्राएलला आले, त्यांना हिस्तद्रुतचे लाल पिंकस आठवत असेल. त्या काळी कुपत खोलीम क्लालीतचे सभासदत्व हिस्तद्रुतच्या सभासदत्वाशी बांधलेले होते. कारखान्यात काम लागले, पिंकस मिळाले, पगारातून कपात सुरू झाली की घरच्यांना दवाखाना मिळे. काम गेले, हप्ते थांबले, की मनात धाकधूक सुरू होई.

ते दिवस गेले, पण त्या दिवसांची सवय अनेकांच्या मनात राहिली आहे. कुपत खोलीम आपल्याला काही देते ती मेहेरबानी, असे आपल्याला वाटते. खिडकीवरची पकिदा ‘लो’ म्हणाली की आपण ‘बेसेदेर’ म्हणतो, पिशवी उचलतो आणि घरी येतो. मुलाला सांगत नाही, कारण त्याला कशाला त्रास. मग गुडघ्याची तपासणी राहते, डोळ्याचे ऑपरेशन लांबते, औषध स्वतःच्या खिशातून घेतले जाते.

म्हणून या अंकात आजाराबद्दल काही न लिहिता सभासदाचे हक्क आणि सभासदाची कामे यांबद्दल लिहीत आहे. ‘लो’ ऐकल्यावर काय करायचे आणि ते ऐकावे लागू नये म्हणून आधीपासून काय सांभाळायचे, हे दोन्ही समजून घेऊ या.

१. कायद्याने काय दिले

राष्ट्रीय आरोग्य विमा कायदा १९९४ साली क्नेसेतमध्ये मंजूर झाला आणि १ जानेवारी १९९५ पासून लागू झाला. त्या दिवसापासून इस्राएलचा प्रत्येक रहिवासी कायद्याने विमाधारक आहे. क्लालीत, मकाबी, मेउखेदेत आणि लेउमीत या चार कुपत खोलीमपैकी हवी ती आपण निवडू शकतो. वय जास्त आहे, साखर आहे, हृदयाचे ऑपरेशन झालेले आहे, अशा कारणाने कोणतीही कुपत खोलीम आपल्याला नाकारू शकत नाही.

आरोग्य विम्याचा हप्ता बितुआख लेउमी गोळा करते. ज्यांना कित्स्बत झिक्ना, म्हणजे वार्धक्य वेतन मिळते, त्यांच्या वेतनातून तो परस्पर कापला जातो. महिन्याच्या चिठ्ठीवर ही कपात दिसते. आपण पैसे भरत आहोत, फुकट घेत नाही, हे लक्षात ठेवण्यासाठी तरी ती चिठ्ठी एकदा नीट पाहा.

कायद्यात आणखी एक वाक्य आहे, ते दिमोना, येरुखाम, एलात अशा दूरच्या गावांतल्या लोकांनी विशेष ध्यानात ठेवावे. ठरलेल्या सेवा वैद्यकीय गरजेनुसार, वाजवी दर्जाच्या, वाजवी वेळेत आणि घरापासून वाजवी अंतरावर मिळाल्या पाहिजेत, असे कायदा म्हणतो. ‘वाजवी’ म्हणजे किती दिवस आणि किती किलोमीटर, हे प्रत्येक दुखण्याप्रमाणे बदलते. पण तज्ज्ञाचा तोर पाच महिन्यांनंतरचा मिळाला, तर “याहून लवकर दुसऱ्या गावी किंवा दुसऱ्या डॉक्टरकडे मिळेल का?” असे विचारण्याचा आधार याच वाक्यात आहे.

कुपत खोलीम बदलायची असेल तर तेही करता येते. वर्षात बदलाच्या सहा तारखा ठरलेल्या आहेत : १ जानेवारी, १ मार्च, १ मे, १ जुलै, १ सप्टेंबर आणि १ नोव्हेंबर. बारा महिन्यांत जास्तीत जास्त दोनदा बदल करता येतो. नोंद बितुआख लेउमीच्या संकेतस्थळावर किंवा पोस्टात होते. पती एका कुपत खोलीममध्ये आणि पत्नी दुसरीत, असेही चालते. मात्र रागाच्या भरात बदलू नका. आपला रोफे मिश्पाखा, म्हणजे घरचा डॉक्टर, जवळचे औषधाचे दुकान आणि जवळचे तज्ज्ञ नव्या ठिकाणी मिळतील का, ते आधी पाहा.

२. तीन वेगळ्या गोष्टी : सल, शाबान आणि सिउदी

घरोघरी इथेच गोंधळ होतो. तिन्ही वेगळ्या आहेत.

सल हबरियुत, म्हणजे आरोग्याची टोपली. यात कोणती औषधे, तपासण्या आणि उपचार येतात ते सरकार ठरवते आणि दर वर्षी त्यात भर घालते. ही टोपली चारही कुपत खोलीममध्ये सारखीच आहे. त्यासाठी वेगळा हप्ता नाही. काही सेवांना मात्र थोडी रक्कम द्यावी लागते. ७२ वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी दातांचे ठराविक उपचारही यात आहेत. कवळी किंवा दातांचे काम करायचे असेल, तर खाजगी दवाखान्यात पैसे देण्याआधी कुपत खोलीममध्ये चौकशी करा.

शाबान म्हणजे कुपत खोलीमचा जोड विमा. तो ऐच्छिक आहे आणि त्याचा हप्ता वेगळा आहे. दुसऱ्या डॉक्टरचे मत, खाजगी शल्यचिकित्सक निवडणे, काही सेवांवर सवलत, अशा गोष्टी त्यात असतात. वय किंवा आजार पाहून कुपत खोलीम शाबानमध्ये घेण्यास नकार देऊ शकत नाही. हप्ता वयाप्रमाणे बदलतो, आजाराप्रमाणे नाही. मात्र काही सेवांसाठी सुरुवातीला ठरावीक महिने थांबावे लागते. ऑपरेशन ठरल्यावर धावत जाऊन शाबान घेतला तर तो लगेच उपयोगी पडेलच असे नाही.

सिउदी म्हणजे, माणूस स्वतःचे स्वतः करू शकत नाही तेव्हासाठीचा विमा. कुपत खोलीममार्फत मिळणारी सिउदी पॉलिसी विमा कंपनीची असते आणि तिच्यासाठी आरोग्याची माहिती भरून द्यावी लागते. शाबान आहे म्हणून सिउदीही आहेच, असे समजू नका. आणि ही पॉलिसी नसली तरी बितुआख लेउमीचा सिउद भत्ता वेगळा आहे. निवृत्तीचे वय झालेल्या, घरी राहणाऱ्या आणि अंघोळ, कपडे, जेवण, चालणे यांत मदत लागणाऱ्या माणसाला त्यासाठी अर्ज करता येतो. त्यात उत्पन्नाची अट असते. एका दारावर नकार मिळाला म्हणून दुसरे दार वाजवायचे सोडू नका.

याउपर फोनवर कोणी गोड बोलून नवी पॉलिसी देऊ करत असेल, तर ‘केन’ म्हणू नका. “घरी विचारून सांगते” एवढेच म्हणा आणि ओळखपत्राचा किंवा बँकेचा क्रमांक सांगू नका. आपल्या नावावर कोणत्या विमा पॉलिसी आहेत ते ‘हर हबितुआख’ या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. मुलीला किंवा नातवाला एकदा पाहायला सांगा. एकाच गोष्टीसाठी दोन ठिकाणी पैसे जात आहेत असे त्यात आढळू शकते.

३. डॉक्टरसमोर बसल्यावर

१९९६ साली रुग्णांच्या हक्कांचा कायदा झाला. त्यातल्या आपल्या उपयोगाच्या गोष्टी अशा :

समजेल असे सांगणे : आजार काय, उपचार कोणता, त्यात धोका काय, दुसरा मार्ग आहे का, आणि काहीच केले नाही तर काय होईल, हे आपल्याला समजेल अशा रीतीने डॉक्टरने सांगायचे असते. ते समजल्यावर आपण दिलेली संमती हीच खरी संमती. आपल्या पिढीतल्या पुष्कळांना बाजारातले हिब्रू चांगले येते, पण दवाखान्यातले हिब्रू वेगळे असते. न समजता ‘केन, केन’ करणे फार धोक्याचे आहे. “लो हेवान्ती, तस्बिर ली शुव” म्हणजे “समजले नाही, पुन्हा सांगा” हे वाक्य पाठ करा. डॉक्टर बाई असेल तर ‘तस्बिर’च्या जागी ‘तस्बीरी’ म्हणा.

सोबत कोणीतरी : उपचाराच्या वेळी आपल्या पसंतीचे माणूस सोबत ठेवण्याचा हक्क आहे. मुलगी, शेजारीण, मेतापेलेत, कोणीही चालेल. मराठीत सांगणारा माणूस दवाखान्यात मिळेल या भरवशावर राहू नका. सोबत येणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, “डॉक्टर जे बोलतील ते सगळे मला सांग, माझ्या काळजीपोटी काही गाळू नकोस.” आणि एखादी गोष्ट नातवासमोर बोलायची नसेल तर त्याला थोडा वेळ बाहेर बसायला सांगा. खाजगीपणा राखणे हाही आपला हक्क आहे.

दुसरे मत : दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घेण्याचा हक्क आहे आणि पहिल्या डॉक्टरने त्याला मदत करायची असते. यात डॉक्टरचा अपमान नाही.

कागदपत्रांची प्रत : आपल्या वैद्यकीय नोंदींची प्रत मागता येते. ती लागते तेव्हाच मागण्यापेक्षा प्रत्येक भेटीनंतर छापील सारांश घेऊन घरी ठेवावा.

तातडीचे उपचार : जिवाला धोका असेल तेव्हा कागद, पैसे, कुपत खोलीमची मंजुरी यांपैकी कशाचीही अट न घालता उपचार मिळाले पाहिजेत.

४. तोफेस १७ आणि मियून

तोफेस १७ म्हणजे “या सेवेचे पैसे आम्ही देऊ” असे कुपत खोलीमने इस्पितळाला दिलेले हमीपत्र. इस्पितळातील तज्ज्ञाची भेट, मोठी तपासणी, ठरवून केलेले ऑपरेशन, यांसाठी ते लागते. तोर मिळाला म्हणजे तोफेसही तयार झाला, असे समजू नये. तोफेसवर तीन गोष्टी वाचून घ्या : इस्पितळाचे नाव, सेवेचे नाव आणि कोणत्या तारखेपर्यंत ते चालेल. तोर पुढे ढकलला गेला आणि तारीख उलटली, तर नवा तोफेस मागावा लागतो.

मियूनला, म्हणजे तातडीच्या विभागात जाताना शक्य असेल तर डॉक्टरची हफ्नाया, म्हणजे चिठ्ठी घ्या. रात्री किंवा शब्बाथला घरचा डॉक्टर नसतो, तेव्हा कुपत खोलीमच्या टेलिफोन मोकेदला विचारा. चिठ्ठीशिवाय गेलो आणि दाखल न करता घरी पाठवले, तर मियूनचे बिल आपल्याकडे येऊ शकते. दाखल करून घेतले तर येत नाही. चिठ्ठी नसली तरी पैसे माफ असणारी काही कारणे ठरलेली आहेत. नुकतेच मोडलेले हाड, टाके घालावे लागणारी जखम, डोळ्यात गेलेला कण ही त्यांतली काही. रस्त्यात किंवा सार्वजनिक जागी अचानक काही होऊन रुग्णवाहिकेने नेले, तर तेही त्यात येते. म्हणून असे बिल आले की लगेच भरून मोकळे होऊ नका. आधी कुपत खोलीममध्ये दाखवा. रुग्णवाहिकेने नेऊन इस्पितळात दाखल केले असेल, तर तिचा खर्चही कुपत खोलीमकडून मिळतो. पावती जपून ठेवा.

पण हे सगळे ज्याला थांबायला वेळ आहे त्याच्यासाठी. छातीत दाबल्यासारखे दुखते, दम लागतो, तोंड एका बाजूला वाकडे होते, हात उचलत नाही, बोलणे अडखळते, अशा वेळी चिठ्ठीचा आणि बिलाचा विचार करायचा नाही. १०१ फिरवायचा. पैशाचा हिशेब नंतर सुधारता येतो, गेलेला वेळ परत मिळत नाही.

५. ‘लो’ म्हटले तर

समजा, ७८ वर्षांच्या एका आजीला तज्ज्ञाने एक तपासणी लिहून दिली. आठवड्याने कुपत खोलीममधून फोन आला, “मंजूर नाही.” आजीने काय करावे?

पहिली पायरी : नकार लेखी मागावा, कारणासह. तोंडी नकारावर पुढे काही करता येत नाही. कधी कधी लेखी मागितले की फाईल पुन्हा पाहिली जाते.

दुसरी पायरी : तो कागद घेऊन घरच्या डॉक्टरकडे जावे. पुष्कळदा नकाराचे कारण साधे असते. जुना अहवाल जोडलेला नसतो किंवा तपासणी का हवी ते नीट लिहिलेले नसते. डॉक्टरने दोन ओळी जास्त लिहिल्या तर काम होते.

तिसरी पायरी : कुपत खोलीमच्या सभासद-तक्रार विभागाकडे लेखी अर्ज. टोपलीत नसलेली गोष्ट विशेष कारणासाठी हवी असेल, तर वआदत खरीगीम, म्हणजे अपवादांचा विचार करणारी समिती, हिच्याकडे डॉक्टरच्या पत्रासह अर्ज करता येतो.

चौथी पायरी : आरोग्य खात्याकडे तक्रार. या कायद्याखालच्या तक्रारींसाठी खात्यात वेगळा तक्रार अधिकारी आहे. खात्याच्या ‘कोल हबरियुत’ या फोनसेवेसाठी आधी तारेची खूण दाबून ५४०० फिरवावा.

पाचवी पायरी : बेत दीन लआवोदा, म्हणजे कामगार न्यायालय. नाव कामगारांचे असले तरी सभासद आणि कुपत खोलीम यांच्यातले या कायद्याचे वाद तिथेच चालतात. इथपर्यंत फार थोड्यांना जावे लागते, पण शेवटी न्यायालय आहे हे माहीत असले की माणूस मधल्या पायऱ्यांवर घाबरत नाही.

अर्ज लिहायला मदत हवी असेल तर नगरपालिकांतून ‘शिल’ ही नागरिकांसाठी मोफत सल्ला सेवा चालते. बितुआख लेउमीच्या शाखांतही ज्येष्ठांसाठी सल्ला देणारे स्वयंसेवक असतात, आणि ते बहुधा आपल्याच वयाचे असतात.

प्रत्येक पायरीवर एक गोष्ट करा : तारीख, वेळ, बोलणाऱ्याचे नाव आणि तो काय म्हणाला, हे वहीत लिहा. मराठीत लिहिले तरी चालेल. “कोणीतरी बाई काहीतरी म्हणाली” यापेक्षा “मंगळवारी सकाळी दहा वाजता अमुक बाई असे म्हणाल्या” याला वजन येते.

६. आपली कामे

हक्क सांगितले, आता आपल्या बाजूचे.

घेतलेला तोर जमणार नसेल तर आधी रद्द करा. आपण गेलो नाही तर ती जागा वाया जाते, आणि आपल्यासारखाच कोणी आजी-आजोबा त्या जागेसाठी दोन महिने थांबलेला असतो.

डॉक्टरला सर्व औषधे सांगा. दुसऱ्या डॉक्टरने दिलेली, भारतातून आणलेली, आयुर्वेदिक काढे आणि चूर्णेसुद्धा. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर हे फारच महत्त्वाचे आहे. लाज वाटून लपवलेले चूर्ण ऑपरेशनच्या वेळी रक्तस्राव वाढवू शकते.

आपले कार्ड दुसऱ्याला वापरू देऊ नका. पाहुणी आलेली बहीण असली तरी नाही. तिचा आजार आपल्या नावावर लिहिला जाईल आणि पुढे आपल्यावर चुकीचे उपचार होतील.

पत्ता, फोन किंवा बँक खाते बदलले तर कुपत खोलीमला आणि बितुआख लेउमीला कळवा. शाबानचा हप्ता बँकेतून गेला नाही आणि पत्र जुन्या पत्त्यावर गेले, तर विमा बंद पडल्याचे गरज पडेल तेव्हाच कळते.

द्यायची रक्कम द्या, पण जास्त देऊ नका. तज्ज्ञाच्या भेटीचे पैसे तीन महिन्यांच्या एका तिमाहीत त्याच डॉक्टरकडे पुन्हा द्यावे लागत नाहीत. भेटींच्या रकमेला आणि कायमच्या आजाराच्या औषधांना वरची मर्यादा असते. निवृत्तीचे वय झालेल्यांना आणि हश्लामत हख्नासा, म्हणजे उत्पन्नपूरक भत्ता मिळणाऱ्यांना सवलती आहेत. “माझी सवलत संगणकावर नोंदलेली आहे का?” हा एकच प्रश्न खिडकीवर विचारा.

भारतात जाताना प्रवास विमा घ्या. सल हबरियुतच्या सेवा इस्राएलमध्ये मिळतात. अलिबागला भावाकडे दोन महिने राहायला गेलो आणि ठाण्याच्या इस्पितळात दाखल व्हावे लागले, तर टोपली तिथे येत नाही. विमा घेताना जुने आजार खरे खरे सांगा, नाहीतर ऐन वेळी कंपनी हात वर करील. नेहमीची औषधे किती दिवसांची मिळतील तेही निघण्याच्या बरेच आधी डॉक्टरला विचारा.

आणि आपण बोलू शकलो नाही तर आपल्यासाठी कोण बोलेल, ते ठरवा. यिपुय कोआख मित्माशेख या कायम मुखत्यारपत्राची सोय २०१७ पासून आहे. त्यात वैद्यकीय निर्णय कोणी घ्यायचे ते लिहून ठेवता येते. डोके शाबूत असतानाच ते करता येते, म्हणून मुलांशी हा विषय आताच काढा. त्यांना तो काढायला संकोच वाटतो.

७. घरचा अभ्यास

दर पाठाला थोडा अभ्यास असतो, तसा हा. एक फाईल घ्या आणि त्यात या पाच गोष्टी ठेवा :

१. एक कागद : नाव, ओळखपत्र क्रमांक, कुपत खोलीम, घरच्या डॉक्टरचे नाव, घरच्या दोन माणसांचे फोन.
२. औषधांची यादी, किती आणि केव्हा घ्यायचे ते लिहून. ज्याची बाधा होते ते औषध वर लाल अक्षरात.
३. मागच्या दोन वर्षांतले अहवाल आणि इस्पितळातून सोडतानाची पत्रे.
४. शाबान, सिउदी आणि दुसऱ्या कोणत्या पॉलिसी असतील तर त्यांचे कागद.
५. वर सांगितलेली वही.

फाईल कुठे आहे ते घरच्यांना आणि मेतापेलेतला दाखवा. कपाटात साड्यांखाली ठेवलेली फाईल रुग्णवाहिका दारात उभी असताना सापडत नाही.

आपल्या पिढीने या देशात वाळवंटात घरे वसवली, कारखान्यांत पाळ्या केल्या, वर्षानुवर्षे हप्ते भरले. मागण्याची सवय मात्र आपल्याला कमी. पुढच्या वेळी खिडकीवर ‘लो’ ऐकू आले, तर भांडू नका आणि निमूट परतही फिरू नका. शांतपणे म्हणा, “तिक्तेवी ली एत झे, बेवाकाशा.” म्हणजे, “हे मला लिहून द्या, कृपया.”

तब्येत सांभाळा. एकशेवीस वर्षे जगा, आणि औषधे वेळेवर घ्या.